भरलेली ओळ छाटात जात नाही

प्रिय पेद्दम्मा,

मंगळवारी फोन बदलला, म्हणून आज पत्र लिहायला बसले आहे. कारण तुला फारच साधं वाटेल. पण तू गेल्यापासून पाच महिने मी वही उघडते, ‘प्रिय पेद्दम्मा’ एवढं लिहिते आणि मिटते. कधी वाटायचं, आपल्या तेलुगूत लिहावं. पण तेलुगू मला नुसतं बोलता येतं. लिहायला तू मला मराठीच शिकवलीस, तेव्हा मराठीत.

सांगायचं ते असं, की मी तुझ्याशी खोटं बोलले. एकदा नाही, दोनदा. आणि तेही कशावरून? मोबाइलमधल्या ठोकळ्यांच्या खेळावरून! पहिल्यांदा ते खोटं आहे असं माझं मलाच वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा मात्र तू सरळ विचारलंस आणि मी समजून-उमजून बोलले. तू होतीस तोवर ते दुरुस्त केलं नाही. मंगळवारी त्यात आणखी एक गोष्ट कळली, ती तिच्या जागी सांगते. एक ओळ पुरी झाल्याशिवाय दुसरी धरायची नाही, ही तुझीच शिस्त.

शाळेचं नाव काढलं की मला उलटी व्हायची, आठवतं? पहिलीच्या पहिल्या आठवड्यात आईनं मला तीनदा फाटकापर्यंत नेलं आणि तीनदा परत आणलं. शेवटी तू म्हणालीस, राहू दे तिला घरी, मी बसलेलीच असते की. आईची मोठी बहीण तू, चौथी शिकलेली, लवकर एकटी पडलेली, आमच्याकडेच राहणारी. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायचीस. समोरच्या शहाबादी फरशीवर मला खडू देऊन बसवलंस. दोन वर्षं माझी शाळा तीच. एका ओळीत दहा ‘क’. एक जरी वाकडा झाला तरी तू पानांवरचं ओलं फडकं उचलून अख्खी ओळ पुसायचीस. मग तिसरीत एकदम शाळेत गेले तेव्हा बाईंनी विचारलं होतं, हिचं अक्षर कुणी वळवलं? मी म्हणाले, विड्या वळणाऱ्या पेद्दम्मानं. वर्ग हसला. मला कळलंच नाही काय चुकलं.

तेंदूचं पान कधी सारखं नसतं. एक लांबट, एक कडेला फाटलेलं, एकाला मधेच भोक. त्यावर पत्र्याचं माप ठेवायचं आणि कात्रीनं विडीएवढे तुकडे कापायचे. बाकीच्या बायका माप इकडून तिकडे सरकवायच्या. तू माप जागेवर ठेवून पान फिरवायचीस. इतरांना दोन तुकडे निघायचे त्या पानातून तू तीन काढायचीस. ‘पान फिरवून बघ, बंगारू,’ म्हणायचीस. बंगारू, म्हणजे सोनं. मला या नावानं हाक मारणारं आता कुणी नाही.

आणि तो विडी कंपनीच्या शाखेतला चेकर! विड्या जमा करायला गेलं की तो जुडी सोडायचा, दोन बोटांनी चाचपायचा आणि मूठभर विड्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटात गेलेली विडी परत मिळायची नाही आणि जमेतही धरली जायची नाही. तू त्याच्यासमोर तोंड उघडायची नाहीस. घर येईपर्यंत मात्र तेलुगूत त्याच्या घराण्याचा उद्धार करायचीस. पुढे मी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात लागले, तेही शिलाई तपासायला. ‘आमच्याच घरात चेकर निघाली,’ असं तू आठवडाभर शेजारणींना सांगत होतीस. तो अभिमान होता की टोमणा, हे मी तुला विचारायचं राहून गेलं.

मग तुझ्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी चार तास डायलिसिस. मी दुपारची पाळी मागून घेतली आणि तुझ्याबरोबर यायला लागले.

डाव्या हातात दोन सुया, आणि तो हात चार तास हलवायचा नाही. इतर लोक झोपायचे, टीव्हीकडे बघायचे. तुला ते कसं जमावं? चाळीस वर्षं तुझे हात कधी रिकामे नव्हते. डोळा लागला की डाव्या हाताची बोटं आपोआप विडी वळायला लागायची. सुई सरकायची, मशीन ओरडायचं, सिस्टर धावत यायची. दोनदा तिनं समजावलं. तिसऱ्यांदा तिनं तुझा हात खाटेच्या पट्टीला बांधून ठेवला. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणालीस, ‘बुधवारी मी येणार नाही. बांधून घालायला मी काय शेळी आहे?’

तुझ्या तोंडून निघालेलं ‘येणार नाही’ किती खरं असतं ते मला ठाऊक होतं. दोन दिवसांत काहीतरी शोधायला हवं होतं. मला वाटलं, उजव्या हाताला काम दिलं तर डावा गप्प बसेल. म्हणून तो खेळ.

आधी मी स्वतः शिकले. सहा डाव खेळले आणि वहीत मुद्दे काढले. आकार सात. प्रत्येकात चार चौकोन. वरून एकेक खाली येतो. बोटानं डावी-उजवीकडे न्यायचा, टिचकी मारली की फिरतो. खाली बसला की मग हलत नाही. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. ढीग वरपर्यंत पोचला की डाव संपला. पुढचा आकार कोपऱ्यात आधीच दिसतो, त्यावर लक्ष ठेवावे. बुधवारी मी तुला रिक्षात बसवलं ते ‘फक्त आजचा दिवस’ या करारावर, आणि तिथं गेल्यावर हे सगळं वाचून दाखवलं. तू तिसऱ्या मुद्द्यावर मला थांबवलंस. म्हणालीस, कागद ठेव आणि ते यंत्र इकडे दे.

आकारांना तू लगेच नावं ठेवलीस. लांब ती काडी. चौकोनी ती डबी. कोपऱ्यात वळलेले दोन, ते डावी चप्पल आणि उजवी चप्पल. मधे टोक आलेली ती नाकवाली. नागमोडी दोन होते त्यांतली एक वाकडी आणि दुसरी तिची जाऊ. शेजारच्या खाटेवरचे शिंदेकाका हे ऐकून इतके हसले की त्यांचंही मशीन ओरडलं. ते कुर्डुवाडीहून रेल्वेनं यायचे, तिथल्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तुला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचे.

पण तू एक विचित्र गोष्ट करत होतीस. आकार इतके नेटके बसवायचीस की मला सहा डावांत तसं जमलं नव्हतं. तरी प्रत्येक ओळीत एक घर मोकळं सोडायचीस. काडी बरोबर त्या घरात बसणार असायची, तरी तू तिला उचलून दुसरीकडे टाकायचीस. ढीग वर जायचा, डाव संपायचा. चार डाव असेच गेले. मला वाटलं, तुला नीट दिसत नाही. मी तुझा चष्मा पुसून दिला. मग विचारलं, पेद्दम्मा, ते घर का भरत नाहीस?

‘भरलं की तो ओळ घेऊन जातो,’ तू म्हणालीस. ‘पहिल्या वेळी नेली ना? एवढी चांगली बसवलेली!’

तो. तुला वाटत होतं आत एक चेकर बसलाय आणि तुझी ओळ त्यानं छाटात टाकली. म्हणून तू आपलं काम त्याच्यापासून वाचवत होतीस. मी हसले नाही, एवढं एक माझ्या बाजूनं लिहून ठेवते. मी सांगितलं की भरलेली ओळ छाटात जात नाही, ती जमा होते. उरतो तो ढीग, तीच छाट.

तू चष्मा नाकावर नीट बसवलास. मग म्हणालीस, ‘हे आधी सांगायचं सोडून सात आकार काय वाचत बसलीस?’

खरं होतं. माझ्या सगळ्या मुद्द्यांत हाच मुद्दा पहिला हवा होता.

त्यानंतरच्या डावात तू नऊ ओळी जमा केल्यास. पण दहा ओळी जवळ आल्या की त्या खेळात वेग वाढतो. आकार भराभर पडायला लागले, तू गडबडलीस आणि डावा हात मदतीला उचललास. मशीन ओरडलं. सिस्टर आली, आणि या वेळी तिच्या हातात बँडेज होतं.

आता हात बांधणार, आणि शुक्रवारी तू येणार नाहीस, आणि मग काय होईल ते डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलेलंच होतं. सिस्टर तुझी सुई बघत होती तेवढ्यात मी फोन घेतला. खेळात एक सरावाची सोय होती. ती लावली की वेग वाढतच नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत आकार रमतगमत खाली येतात. इंग्रजीत लिहिलेलं होतं, तुला ते वाचता येत नव्हतं. मी ती लावली आणि फोन परत दिला. म्हणाले, आता सवय झाली की सोपं जाईल बघ.

हे पहिलं खोटं. मला वाटलं, आठवडाभर राहू दे, मग सांगू.

आठवड्यात तू पन्नास ओळींवर गेलीस. मग शंभर. डावा हात दगडासारखा पडून असायचा. सिस्टर येता-जाता विचारायची, आजी, आज किती? तू पानं फिरवायचीस तसे आकार फिरवायचीस, आणि एक रांग कडेला मोकळी ठेवून काडीची वाट बघायचीस. काडी आली की चार ओळी एकदम जमा. दोनशे बारा झाल्या त्या दिवशी तू आईला तिच्या कामावर फोन करायला लावलास. आईनं मावसभावांना सांगितलं. मी मान हलवत होते. आता कसं सांगणार होते?

याच दिवसांत कधीतरी तू मला खेळायला लावलंस. माझ्याकडून नाकवालीच्या खाली एक भोक राहिलं, झाकलं गेलं. मी डाव मोडून नवा सुरू केला. पुन्हा भोक, पुन्हा नवा डाव. तिसऱ्यांदा तू माझा हात धरलास.

‘राहिलं तर राहिलं. आता बोट घालून बुजवता येणार आहे का? वरची ओळ भर. ती गेली की भोक उघडं पडतं, मग बुजव. एवढ्यासाठी डाव मोडतात का?’

मी म्हणाले, फरशीवर तू तर एका वाकड्या अक्षरासाठी अख्खी ओळ पुसायचीस. तू म्हणालीस, तेव्हा मी तरुण होते, मला अक्कल कमी होती.

मग तो शुक्रवार. तुझ्या दोनशे बारा ओळींनी शिंदेकाकांची झोप उडाली होती. त्यांनी तोच खेळ आपल्या फोनवर घेतला होता. ‘अक्का, माज्या चाळीस हुईनात आणि तुमी दोनशे म्हणताय. तुमी बाई हाय का इंजिन?’ असं म्हणत त्यांनी फोन तुझ्याकडे दिला. सिस्टर उभी राहिली. पलीकडच्या दोन खाटांवरचे लोक माना वळवून बघायला लागले. मी तेव्हा पुढं होऊन बोलायला हवं होतं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसले. ते आधीच घट्ट होतं.

अकरा ओळी झाल्या आणि डाव संपला. शिंदेकाकांना वाईट वाटलं. म्हणाले, माज्या फोनची काच खराब हाय. तू म्हणालीस, काच चांगली आहे. आणि माझ्याकडे बघितलंस.

घरी जाताना रिक्षात तू विचारलंस, ‘बंगारू, आपल्या फोनचा वेग खरा आहे का?’

तू चिडली नव्हतीस. पानवाल्याला भाव विचारावा तसं विचारलंस. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. मी म्हणाले, ‘हो. प्रत्येक फोनचा वेगळा असतो.’

‘बरं,’ तू म्हणालीस, आणि बाहेर बघायला लागलीस.

हे दुसरं. सोमवारी तू नेहमीसारखा फोन मागितलास, हळू हळू खेळलीस, मी शेजारी बसून ओळी मोजल्या. पुढचे दोन महिने तसेच गेले. रोज ठरवायचे, आज सांगते. सांगितलं नाही. जूनमधल्या एका रविवारी सकाळी चहा पिऊन तू पाठ टेकलीस आणि पुन्हा उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यात ना मशीनचा दोष, ना खेळाचा, ना माझा. हे मी त्यांना तीनदा विचारून घेतलं. तरी मला वाटत राहिलं की तू खोट्या आनंदावर गेलीस, आणि तो मी दिलेला होता. घरी कुणी आलं की आई अजून सांगते, आमच्या अक्कानं दोनशे बारा केल्या होत्या. मी उठून आत जाते.

आता मंगळवारचं. दुकानातल्या माणसानं विचारलं, जुन्यातलं काय काय नव्यात घ्यायचं? खेळाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, हे? तू गेल्यावर मी तो उघडलाच नव्हता. त्याला थांबायला सांगून तिथंच बाकावर बसले आणि उघडला. सरावाची यादी बघितली, दोनशे बारा सगळ्यात वर. मग सहज खऱ्या वेगाची यादी उघडली. तिथं अकरा डाव असायला हवे होते. शिकतानाचे सहा माझे, आणि मशीन ओरडलं त्या बुधवारचे पाच तुझे.

चौतीस होते.

तेवीस डाव जास्तीचे, पेद्दम्मा! पहिला त्या रिक्षानंतरच्या सोमवारचा. सगळे सोमवार, बुधवार, शुक्रवारचे, आणि सगळे सव्वानऊ ते पावणेदहाच्या मधले. त्या वेळी मी कुठे असायचे? खाली, कागदावर सही-शिक्का आणि तुझं इंजेक्शन घ्यायच्या रांगेत. फोन तुझ्यापाशी ठेवून.

पहिल्या डावात दहा ओळी. मग बारा. मग सात. मग पुन्हा सात, त्या दिवशी तुझं डोकं दुखत असेल. मग चौदा, अठरा, सोळा. मी बोट ठेवून एकेक वाचत गेले. दुकानदार दोनदा हाक मारून गेला.

इंग्रजी येत नसताना तू ते लावलंस कसं? काल बुधवार होता. मी सेंटरवर गेले. तुझ्या खाटेवर आता मैंदर्गीच्या एक कन्नड बोलणाऱ्या बाई असतात. शिंदेकाका आपल्या जागी होते, जरा वाळलेत. मी फोन पुढं केला. त्यांनी यादी बघितली आणि कपाळावर हात मारला.

‘हे समदं लिवून ठिवतंय व्हय हे?’

मग सांगितलं. त्या सोमवारी मी खाली गेल्या गेल्या तू फोन त्यांच्याकडे दिलास आणि म्हणालीस, यात खरा वेग कुठं आहे तो लावून द्या. त्यांनी लावून दिला. तिसऱ्या दिवसापासून तू आपणच लावायला लागलीस, अक्षर न वाचता, वरून कितवं आहे ते मोजून. आणि मी यायच्या आत पुन्हा सरावाचं लावून ठेवायचीस. काकांच्या खाटेवरून दार दिसतं. ‘जिन्यात तुजी चप्पल वाजली की म्या खोकायचो,’ ते म्हणाले. ‘अक्कांचं बोट लई चपळ. तू दारात येस्तवर समदं जागच्या जागी.’

तो खोकला! त्या खोकल्याची मला किती काळजी लागली होती! सिस्टरच्या मागं लागून मी त्यांच्या छातीचा फोटो काढायला लावला होता. ‘काढला की,’ काका म्हणाले. ‘आता तुला काय सांगनार? अक्का तोंडाला पदर लावून हसत हुत्या.’

मी विचारलं, मी खोटं बोलले त्याबद्दल ती काय म्हणाली? काकांनी फोन मला परत दिला. मग तुझे शब्द आपल्या बोलीत सांगितले.

‘म्हणाल्या, पोरगी भित्री हाय. मला कळलंय हे तिला कळलं तर रोज माफी मागत बसंल. माजे चार तास त्यातच जातील. तिला ओळी मोजू द्या, तिला बरं वाटतंय. माजं मी बगते.’

मी तिथं रडले नाही. बाजूला मशिनं चालू होती, लोक झोपले होते. बाहेर येऊन जिन्यात बसले.

पेद्दम्मा, म्हणजे हळू खेळत होतीस ते माझ्यासाठी? मी तुला खेळवतेय असं मला वाटत होतं आणि तू मला? थोडा राग आला, खरं सांगते. तू मला रिक्षात एक संधी दिलीस, ती मी घालवली, हे कबूल. पण आणखी एकदा विचारायला काय हरकत होती? निदान एक डाव माझ्यासमोर खरा खेळायचास. मी तुझी दहा ओळींची जिद्द बघितलीच नाही. दोनशे बारा वेळा टाळ्या वाजवल्या, आणि नेमक्या नको तिथं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात लागली. तेवीस डाव खऱ्या वेगानं, आणि तुझं मशीन एकदाही ओरडलं नाही. ओरडलं असतं तर सिस्टरनं मला सांगितलंच असतं. पहिल्या दिवशी तुझा हात उचलला गेला कारण तू नवी होतीस. दोन-चार दिवसांत तो आपोआप शांत झाला असता. मी थांबले नाही. नवं काम शिकताना माणूस चार पानं फाडतो, हे तुझ्या समोर बसून मोठी झालेल्या मला कळायला हवं होतं.

शेवटचा डाव तू गेलीस त्याच्या आधीच्या शुक्रवारचा आहे. एकतीस ओळी. काल घरी आल्यावर मी खऱ्या वेगानं खेळून बघितलं. सतरा. दुसऱ्यांदा बारा. दुसऱ्या डावात पाचव्याच ओळीवर भोक राहिलं, बोट डाव मोडायला गेलं. थांबले. वरच्या ओळी भरल्या. दोन गेल्या आणि भोक उघडं पडलं, तू म्हणाली होतीस तसंच. बुजवता आलं नाही, कारण तोवर आकार फार वेगानं यायला लागले होते. पण उघडं पडलेलं मी बघितलं.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. सराव, रिक्षा, यादी, खोकला, सगळं. ती पोळ्या लाटत होती. तिनं एवढंच विचारलं, खरं किती? मी म्हणाले, एकतीस. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, मग एकतीस सांगायचं. थोड्या वेळानं म्हणाली, तिला लहानपणापासून कुणी जिंकू दिलेलं आवडायचं नाही. हे तू मला आधी नाही का सांगायचंस, असं मी तिला विचारलं. तर म्हणते, तू कुठं विचारलंस?

जुना फोन मी दुकानात दिला नाही. कपाटात आहे, यादीसकट.

आता एकच सांगायचं राहिलं. मैंदर्गीच्या त्या बाईंचं नाव नीलम्मा. घरी शेंगा फोडायचं काम करायच्या. काल मी बसले होते तेवढ्या वेळात त्यांचं मशीन दोनदा ओरडलं. डावा अंगठा सारखा दाबत असतात, शेंग फोडल्यासारखा. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, तुझा तो खेळ यांना शिकव की. शिंदेकाका लगेच म्हणाले, शिकीव, माजा खोकला तयार हाय.

उद्या शुक्रवार. मी जाणार आहे. तुला शब्द देते, वही नेणार नाही. सात आकार नंतर. भरलेली ओळ जमा होते, छाटात जात नाही, हे पहिलं सांगेन. वेग पहिल्या दिवसापासून खरा लावीन. त्यांना जड गेला आणि त्यांनीच मागितला तर सरावाचा लावून देईन, आणि हा सरावाचा आहे असं सांगूनच देईन. मशीन ओरडलं तर ओरडू दे, मी सिस्टरशी बोलेन.

आणि कधी फोन त्यांच्यापाशी ठेवून मी खाली गेले, तर वर येताना जिन्यात चप्पल जरा जोरात वाजवत येईन.

तुझी बंगारू,
लावण्या